तळ्याकाठचे मोरोक्को

दिवा जंक्शनाजवळ संसार केलेल्या माणसाला रुळांच्या दिशा तोंडपाठ असतात. एक फाटा पनवेलवरून रोह्याकडे आणि पुढे कोकणात उतरतो, दुसरा भिवंडीवरून वसईला जातो, आणि मुंबई-कल्याणची मुख्य वाट तर रोजच्या चपला झिजवायची. यांपैकी एकही गाडी मोरोक्कोला जात नाही. तरीसुद्धा गेल्या हिवाळ्यात मी आणि आमचे कुटुंब मोरोक्को पाहून आलो, आणि तेही अमेरिकेत, असे सांगितले की आमच्या इमारतीतली मंडळी माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. म्हणून हा खुलासा.

फ्लॉरिडा नावाच्या संस्थानात ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने यांच्या नावाची एक अवाढव्य करमणूकनगरी आहे. तिच्यात ‘एप्कॉट’ नावाचे उद्यान आहे. मूळ कल्पना अशी की भविष्यकाळातले एक नमुनेदार शहर वसवावे, त्यात खरोखरीची माणसे राहावीत. पण डिस्नेसाहेब १९६६ साली वारले, आणि १९८२ साली जे उघडले ते शहर नव्हे, उद्यान. त्याच्या एका भागात मोठे तळे आहे आणि तळ्याच्या काठाने अकरा देश बसवले आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड आणि कॅनडा. साधारण दोन किलोमीटरांची प्रदक्षिणा घातली की पृथ्वीप्रदक्षिणा पुरी. आपल्याकडे गणपतीने आईबापांभोवती फिरून हे काम उरकले होते. येथे तिकीट पडते आणि पाय दुखतात, एवढाच फरक.

आरंभीच्या देशांत मोरोक्को नव्हते. ते सप्टेंबर १९८४ मध्ये उघडले. तेथले तेव्हाचे राजे दुसरे हसन यांनी या कामात जातीने लक्ष घातले आणि आपले कारागीर समुद्रापार पाठवले. बाकीच्या देशांची कमानी-शिखरे बव्हंशी अमेरिकन ठेकेदारांच्या हातची. मोरोक्कोच्या भिंतींवरची नक्षी मात्र मोरोक्कोच्याच माणसांनी बसवली. सुमारे नऊ टन फरशी लागली असे सांगतात.

ही फरशी, ‘झेलीज’ तिचे नाव, उभे राहून पाहावी अशी आहे. रंगीत चकाकी दिलेल्या भाजलेल्या चौकोनी विटा घ्यायच्या, धारदार हातोडीने त्यांचे चांदण्या, पतंग, पट्ट्या असे बारीक तुकडे पाडायचे, आणि ते जमिनीवर उलटे, म्हणजे रंगाची बाजू खाली ठेवून जुळवायचे. वरून चुन्याचा किंवा सिमेंटचा थर ओतायचा. तो सुकला की सबंध पाट उचलून भिंतीला लावायचा. काम चालू असताना कारागिराला नक्षी दिसतच नाही. ती त्याच्या डोक्यात असते. आमची ही कितीतरी वेळ त्या भिंतीसमोर उभी होती. शेवटी म्हणाली, “ही तर ठिपक्यांची रांगोळी. फक्त पुसायची नाही.” मला त्याहून चांगले वर्णन अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

दर्शनी भागात मराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मिनाराची लहान प्रतिकृती आहे. मूळ मिनार बाराव्या शतकातला, सत्तर मीटरांहून उंच. आत शिरताना फेस शहराच्या बाब बुजलूद या वेशीची नक्कल लागते आणि तिच्यापलीकडे जुना गाव सुरू होतो. अरुंद बोळ, पितळी दिवे, चामड्याच्या चपला, गालिचे. तळ्याच्या बाजूला पाण्याचे एक चाक आहे. ते पाहून मला आजोळच्या रहाटाची आठवण झाली आणि मी नातवाला रहाट समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण मग पंप का नाही लावला?”

या वेशीची एक मौज आहे. फेस हे हजार वर्षांहून जुने शहर, तेव्हा वेसही तशीच प्राचीन असणार असे वाटते. प्रत्यक्षात आजची ती दिमाखदार निळी-हिरवी वेस फ्रेंचांच्या अमलात, १९१३ साली बांधलेली आहे. म्हणजे फ्लॉरिडातली वेस नकली म्हणून नाक मुरडावे, तर जिची ती नक्कल, तीही आमच्या ठाणे-कल्याणच्या आगगाडीपेक्षा जवळजवळ साठ वर्षांनी धाकटी! खरे आणि खोटे यांची वाटणी आपण समजतो तितकी सोपी नसते.

एका दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ भेटले. मूळचे फेसचे, बरीच वर्षे फ्लॉरिडात स्थायिक. मुलाने इंग्रजीत दुभाषेपण केले. मी विचारले, “हे तुमच्या गावासारखे आहे का?” ते हसले. म्हणाले, “फरशी अगदी तशीच आहे. वास नाही.” फेसमध्ये कातडी कमावण्याची जुनी कुंडे आहेत. त्यांत चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, आणि वरच्या गच्चीवरून पाहणाऱ्या प्रवाशांच्या हाती नाकाशी धरायला पुदिन्याची जुडी देतात. “लहानपणी त्या वासाचा कंटाळा यायचा,” ते म्हणाले, “आता वर्षातून एकदा तरी आठवण होते.”

मग आम्ही पुदिन्याचा चहा घेतला. हिरवा चहा, भरपूर साखर, ताज्या पुदिन्याची पाने, आणि किटली उंच धरून ओतायची रीत. मोरोक्कोचे हे राष्ट्रीय पेय, पण त्यातली चहाची पत्ती चिनी, आणि ती घरोघर पोचली एकोणिसाव्या शतकात. आपल्या अमृततुल्याची कुळकथा काही फार निराळी नाही.

चहा पिताना नातवाने तो प्रश्न विचारला, ज्याची मला मनातून धास्ती होती. “आजोबा, आपला देश कुठे आहे?”

अकरा देशांत भारत नाही. मुलाने काहीतरी कारण सांगायला सुरुवात केली, पण मी म्हटले, “समज, बांधायचा आहे. काय ठेवायचे?” त्याने ताजमहाल म्हटले, हत्ती म्हटले. मी म्हटले, दिवा स्टेशन ठेवू. सकाळी साडेआठचा फलाट ठेवू. पावसाळ्यात भरलेली खाडी, आगरी गावांतली जुनी घरे, कोकणात निघालेल्या गाडीतल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या. तो म्हणाला, “त्याला कोण तिकीट काढेल?” प्रश्न बिनतोड होता.

येथे घरातली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. दिव्याची जागा विकावी आणि आम्ही दोघांनी कायमचे तिकडेच यावे, असे मुलाचे म्हणणे वर्षभर चालले होते. त्यात प्रेम होते आणि हिशेबही बरोबर होता. उत्तर मी लांबणीवर टाकत होतो.

त्या संध्याकाळी मी त्यांना टँजिअरच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. ज्या गावावरून त्या लहान संत्र्याला ‘टँजेरिन’ म्हणतात, तेच गाव. १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता एकविसाव्या वर्षी हजला म्हणून घरून निघाला, आणि फिरत फिरत दिल्लीला महंमद तुघलकाचा काझी झाला. १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यास निघाला, तेव्हा तो दौलताबादेत आला, नंदुरबारला थांबला. तेथले मराठे कसे कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, जिवाला इजा करणे त्यांना आवडत नाही, हे त्याने टिपून ठेवले. म्हणजे आज आम्ही त्याचा देश पाहायला आलो, त्याच्या जवळजवळ सात शतके आधी तो आमचा पाहून गेला होता. नातू खूश झाला. “मग तो घरी कधी गेला?”

चोवीस वर्षांनी, १३४९ मध्ये. वाटेत दमास्कसला कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. आणि मोरोक्कोत पाऊल ठेवले तेव्हा समजले की थोड्याच महिन्यांपूर्वी प्लेगच्या साथीत आईही गेली.

मुलगा काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “बाबा, आता विमानाने एक दिवस लागतो.” मी म्हटले, “म्हणूनच तर. दोन्हीकडून लागतो.”

जागा विकायची नाही असे त्या रात्री ठरले. आम्ही हिवाळ्यात तिकडे जायचे आणि त्यांनी नातवाच्या सुटीत इकडे यायचे. ती सुटी नेमकी आपल्या ऐन पावसाळ्यात येते. सूनबाईने चिखल, डास, गर्दी अशा सर्व गोष्टींची रीतसर चौकशी करून संमती दिली आहे.

कोणी वाचक तिकडे जाणार असतील तर एवढेच सांगतो, मोरोक्कोला वीस मिनिटे देऊ नका, दोन तास द्या. भिंतीला हात लावून पाहा आणि दुकानातल्या माणसाला त्याचे गाव विचारा. आमच्याकडे येत्या जुलैची तयारी सुरू आहे. दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीत नातवाला खिडकी मिळवून द्यायची, हे काम मी स्वतःकडे घेतले आहे. आणि जंक्शनावर संसार केलेल्या माणसाला तेवढी विद्या अवगत असतेच.