नव्या भाताची शीग



माझी भाची गेल्या वर्षी इटलीला जाऊन आली. तिथल्या डोंगरावरच्या एका गावात द्राक्षतोडणीचा सण पाहिला म्हणून तिने शंभरेक फोटो पाठवले. ते पाहताना मनात आलं, लग्न होऊन शहापुरात आल्याला चाळीस वर्षं झाली, पण आपल्याच तालुक्यातल्या डोंगरावरचा कापणीचा सण काही आपण पाहिला नाही. दिवाळीआधी घरी तांदूळ घेऊन येणाऱ्या बाईला मी हे सहज बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मंग या की वाघबारशीला. नव्याची पूजा पन तवाच करतो आमी."

वाघबारस म्हणजे आपली वसुबारस, आश्विन वद्य द्वादशी. आपण गायवासराची पूजा करतो, ते गाय खाणाऱ्या वाघाची करतात. विचार केला तर हिशेब बरोबर आहे!

डोळखांबच्या पुढे गाडी सोडून पाऊण तास चढ चढलो. गुडघ्यांनी बरीच कुरकुर केली. वर सपाटीवर महादेव कोळ्यांची बारा-पंधरा घरं, मागे आजोबा डोंगराचा कडा. हळवं भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालली होती. गरवं भात अजून खाली चिखलात उभं होतं. उतारावर नाचणी आणि वरई. मुलं घरोघर फिरून तांदूळ, गूळ गोळा करत होती. वेशीवरच्या वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी एका पोराला वाघ केलं आणि बाकीच्यांनी आरडाओरडा करत त्याला पळवून लावलं.

तिथे कोंबडंही कापतात हे मला आधी माहीत होतं. मी तेवढा वेळ घराच्या ओट्यावर बसून नवकार म्हणत राहिले. कोणी आग्रह केला नाही, कोणी हसलं नाही. उलट त्या बाईच्या सासूने, ऐंशीच्या पुढच्या आजींनी, माझ्यासाठी कोऱ्या मडक्यात नव्या तांदळाची खीर वेगळी शिजवायला लावली होती. "शेटानी दिस बुडायच्या आत जेवते, आन कांदा, करांदा कायबी खात न्हाय," असं त्यांनी सुनेला बजावलं होतं म्हणे. देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी नवं खात नाही, म्हणून पूजाही त्यांनी दुपारीच उरकली. कणसरीपुढे भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसं, झेंडू, एक दिवा. मग मला पान वाढलं.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला आमचे नियम कसे ठाऊक?"

"तुज्या सासऱ्याच्या वट्यावर पावसाळं काढल्यात की मी. खावटी न्यायला यायची."

खावटी म्हणजे आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलं की उसनं नेलेलं भात. कापणीनंतर ते दीडीने फेडायचं, चार पायल्या नेल्या तर सहा आणून द्यायच्या. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, सरकारने जे ४,००० रुपयांचं खावटी अनुदान जाहीर केलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूंच्या रूपात, त्यातली खावटी हीच. आमच्या दुकानात हा व्यवहार माझ्या लग्नानंतरही काही वर्षं होता. सून बी.कॉम. झालेली, म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. चार नेले, सहा आले. अक्षर माझं.

आजी रागावून बोलत नव्हत्या. खीर वाढता वाढता त्यांनी हातानेच दाखवलं. "देताना म्हातारा असा हात फिरवायचा," तळवा सपाट सरकवला. "आन घेताना शीग." दोन्ही हातांनी हवेत ढीग रचला. मग हसल्या. "खा गं, गार व्हतीय."

खीर गोडच होती. मी ती सगळी खाल्ली, पान धुवून पाणीही प्यायले, कारण टाकणं हा वेगळा दोष.

सासरे वाईट नव्हते हो. मुंग्यांना पीठ घातल्याशिवाय ते दुकान उघडत नसत, पर्युषणात आठ उपवास करत. पक्खी प्रतिक्रमणात खोटं वजन, खोटं माप या अतिचारांपाशी आले की त्यांचा आवाज जड व्हायचा. मी मागे बसलेली असायची. तो हात फिरताना मीही पाहिलेला आहे. पण वहीत शिगेला रकाना नसतो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी यांना सांगून माळ्यावरची पितळी पायली आणि शेर खाली काढून घेतला. त्या बाईने आणलेल्या पोत्यातले तांदूळ पायलीत भरले, आधी हात फिरवून, मग शीग लावून. वरची शीग वेगळी काढून शेराने मोजली. पाऊण शेर. पायलीचे शेर चार. म्हणजे चार पायल्या नेल्या तेव्हा १६ शेर गेले, सहा पायल्या शिगेने आल्या तेव्हा साडेअठ्ठावीस. चार महिन्यांत. मी वहीत दीडी लिहीत होते, ती पावणेदोनपट होती.

जुन्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडले. यांनी ते वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. मग म्हणाले, "पायली माळ्यावर ठेवू का परत?"

"राहू दे खालीच," मी म्हटलं. "पोत्याचे पैसे द्यायला ती सोमवारी येणार आहे. तिच्यासमोर मोजू."