हुंडीवरची सही

एकापासून सहापर्यंत क्रमाने चढावे आणि तसेच क्रमाने पुन्हा एकापर्यंत उतरावे, म्हणजे १२३४५६५४३२१ ही संख्या तयार होते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, दिगंबर परंपरेतील गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात तिचे वर्णन अशाच शब्दांत केले आहे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता ती मिळते. डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, ती सारखीच राहते; म्हणून अशा संख्यांना आचार्यांनी कंठातील हाराची उपमा दिली. त्यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी याच कुळातील संख्यांनी महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांना वेड लावले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना घेता आले नाही. मार्गदर्शक प्राध्यापक नाहीत, विद्यापीठाचे ग्रंथालय नाही. होती ती फक्त वही, पेन्सिल आणि आकड्यांची अनावर ओढ.

१, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या अभ्यासाची कल्पना त्यांना डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर सुचली आणि त्या स्थानकाच्या नावावरूनच त्यांनी त्यांना 'डेमलो संख्या' म्हटले. त्यावरचे त्यांचे टिपण १९३८ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात छापून आले. महावीराचार्यांच्या हारातील ती अकरा अंकी संख्या, म्हणजेच सहा वेळा एक लिहून होणाऱ्या ११११११ या संख्येचा वर्ग, याच मालिकेत सहाव्या स्थानी आहे.

कापरेकरांचे नाव आज जगभर ज्या संख्येशी जोडले जाते, ती ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक एकच नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. पुन्हा ८७३० मधून ०३७८ वजा केले की ८३५२, आणि ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. यानंतर कितीही वेळा हीच क्रिया केली तरी ६१७४ हेच उत्तर येत राहते. आरंभ कोणत्याही संख्येपासून करावा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच मुक्कामाचे ठिकाण येते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकातही तो आला.

तरीही देशातील अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक, केवळ अंकांचा खेळ वाटे. मोठ्या नियतकालिकांची दारे सहसा उघडत नसत. तेव्हा कापरेकर लहान नियतकालिकांकडे वळत, आणि तेही जमले नाही तर स्वतःच पुस्तिका छापून देवळालीहून प्रसिद्ध करत. परिषदांना जात, भेटेल त्याला आकड्यांची नवलाई सांगत. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. त्यानंतर निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर एकाएकी जगाला ठाऊक झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

हे चरित्र वाचताना व्यापारी कुटुंबातील वडीलधाऱ्या माणसाच्या मनात दोन प्रश्न हटकून उभे राहतात. पहिला हिशेबाचा: ज्यातून पोट भरत नाही, त्या कामासाठी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापण्यात काय मिळवले? दुसरा धर्माचा: ज्ञान मिळाले ते पुरेसे नव्हते काय? आपले नाव व्हावे, लोकांनी दखल घ्यावी, ही इच्छा म्हणजे मान-कषायच नव्हे काय? ज्या समाजात गुप्तदानाला मोठे मानले जाते, त्या समाजात हा प्रश्न पोकळ नाही. पीएच.डी. करणारी नात घरी येऊन 'माझा शोधनिबंध स्वीकारला गेला' असे आनंदाने सांगते, तेव्हा आजोबांच्या ओठावर हेच दोन प्रश्न असतात. मायेपोटी ते बोलून दाखवत नाहीत, इतकेच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जैन परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. दिगंबर परंपरा सांगते की, श्रुतज्ञान आपल्याबरोबर लोप पावेल या चिंतेने आचार्य धरसेनांनी गिरनारच्या गुंफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ते शिकवले, आणि त्यातून 'षट्खंडागम' लिहिला गेला. सर्वस्वाचा त्याग केलेल्या साधूंनाही ज्ञान स्वतःपाशी ठेवणे योग्य वाटले नाही. आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीला शास्त्रदानाला स्थान आहे ते याच जाणिवेतून. कर्नाटकातील अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, त्या छापखाना येण्याच्या कित्येक शतके आधी.

मात्र जतन करणे वेगळे आणि वाटणे वेगळे, हाही धडा याच परंपरेत आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर शतकानुशतके सुरक्षित राहिली, पण वाचली गेली नाही. तिचा पहिला खंड डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ मध्ये निघाला, तेव्हा कोठे गणिताच्या अभ्यासकांना त्यातील 'अर्धच्छेद' दिसला. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, याची ती मोजणी आहे. ३२ चे अर्धच्छेद पाच. शाळेत ज्याला लॉगॅरिदम म्हणतात त्याचाच हा एक प्रकार. युरोपात लॉगॅरिदमचा उदय सतराव्या शतकातला. धवलेतील विचार त्याहून कितीतरी जुना. परंतु जगाच्या गणिताला त्याचा उपयोग झाला नाही, कारण तो जगापुढे आलाच नव्हता. पेटीत जपलेले बियाणे सुरक्षित असते, पण त्याचे पीक येत नाही.

'गणितसारसंग्रहा'ची कथाही अशीच. प्रा. रंगाचार्य यांनी संपादित केलेली इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती मद्रासहून १९१२ मध्ये निघाली. हिंदी अनुवादासह तो ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला तो सोलापूरहून, जीवराज जैन ग्रंथमालेत. या ग्रंथमालेमागे एक व्यापारी कुटुंबातले गृहस्थ होते. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावले, जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला आणि त्यासाठी ३०,००० रुपये दिले. १९४४ मध्ये त्यांनी आपली सुमारे दोन लाखांची सारी मालमत्ता विश्वस्तपत्र करून संघाला अर्पण केली. ज्या वर्षी गजपंथाला ती सभा भरली, त्या वर्षी त्याच नाशिक परिसरात कापरेकर मास्तर शाळेत मुलांना शिकवत होते. ज्या १९६३ साली सोलापूरहून महावीराचार्यांचा ग्रंथ निघाला, त्याच साली देवळालीहून कापरेकरांची 'स्वयंभू' संख्यांवरील पुस्तिका निघाली. एका ग्रंथामागे दात्याची पुण्याई होती. दुसरीमागे एका निवृत्त शिक्षकाची तुटपुंजी मिळकत.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. विज्ञानात शोधाखाली लिहिलेले नाव आणि मंदिराच्या पायरीवर कोरलेले नाव यांत फरक आहे. शोधनिबंधावरचे नाव हुंडीवरच्या सहीसारखे असते. हुंडीवर सही नसेल तर ती वटत नाही, आणि सही केली की जबाबदारी अंगावर येते. आकडा चुकला तर कोणाला विचारायचे, हे ती सही सांगते. शोधनिबंध छापण्याआधी त्या विषयाचे जाणकार तो तपासतात, शंका काढतात, त्रुटी दाखवतात. लेखकाने त्या दूर केल्याखेरीज निबंध पुढे जात नाही. आपल्या दृष्टीला दिसले त्यापलीकडे वस्तूला आणखी बाजू असतात, ही अनेकांताची शिकवण ज्याला घरातून मिळाली आहे, त्याला ही तपासणी अपमानाची वाटण्याचे कारण नाही. आधी कोणी काय शोधले, हे संशोधक निबंधात नमूद करतो ते पूर्वसूरींचे ऋण म्हणून. महावीराचार्यांनीही आरंभीच सांगितले आहे की, आपण ज्ञानाच्या सागरातून सार तेवढे वेचले. अशा ठिकाणी नाव हा अलंकार राहत नाही; ती पत असते. पत म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आजच्या संशोधकापुढे मार्ग पुष्कळ आहेत. परिषदेत तो निबंध वाचू शकतो किंवा आपले काम भित्तिपत्रकावर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्या जाणकारांशी चर्चा करू शकतो. १९९१ पासून चालू असलेल्या 'आर्काइव्ह' या संग्रहात गणित आणि भौतिकीचे संशोधक आपले निबंध छपाईपूर्वीच जगाला मोफत वाचायला देतात; देवळालीच्या मास्तरांना असे दार मिळाले असते तर ते कितीदा ठोठावले असते! पीएच.डी. करणाऱ्यांनी आपले काम सामान्य वाचकाला कळेल असे लिहावे, यासाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली. मराठीतून लिहू-बोलू इच्छिणाऱ्यांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आहे.

या पेठेत खोटे नाणेही चालते. पैसे भरले की कोणतीही तपासणी न करता चार दिवसांत निबंध छापणारी नियतकालिके आहेत आणि घाईत असलेला तरुण त्यांना बळी पडतो. दुसरीकडे, काही प्रतिष्ठित नियतकालिकेही निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा म्हणून लेखकाकडून मोठे शुल्क घेतात. दोन्हींत पैसे द्यावे लागतात, पण एकीकडे माल पारखला जातो आणि दुसरीकडे नाही. हा फरक ओळखायला पारखी नजर हवी, आणि खऱ्या ठिकाणी शुल्क भरायला, परिषदेच्या प्रवासाला हातभार हवा. शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या संशोधकाला हा खर्च जड जातो. समाजातील न्यास शिक्षणासाठी मदत करतात. पण पदवीनंतरच्या या टप्प्याची आठवण कमी वेळा होते. एका निबंधाचे शुल्क, एका परिषदेचा प्रवास, ही शास्त्रदानाचीच आजची रूपे आहेत.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते, कार्तिकात ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढले जातात, पुसले जातात, पूजले जातात. गावातील एखाद्या मुलाचा वा मुलीचा त्या वर्षी छापून आलेला शोधनिबंध त्या ग्रंथांशेजारी ठेवला, आणि त्यात काय आहे ते त्याला किंवा तिला दहा मिनिटे मराठीत सांगायला लावले, तर पूजेत काही उणे येणार नाही. ऐकणाऱ्यांना सगळे समजेलच असे नाही. पण आजोबांना निदान हे कळेल की, नात ज्या सहीसाठी इतकी वर्षे झटते आहे, ती कसली सही आहे.