सर कसे शिकवतात, हे कुणाला विचारायचं?

सत्र संपायला आठवडाभर उरलेला असतो. जर्नलवर सह्या घ्यायला प्रयोगशाळेबाहेर रांग लागलेली असते, डिफॉल्टरची यादी नोटीस बोर्डावर झळकलेली असते, आणि नेमकी तेव्हाच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. खाली सूचना: आज संध्याकाळपर्यंत सर्वांनी फीडबॅक भरावा, भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवावा. विषय सहा, शिक्षक सहा, प्रत्येकाबद्दल पंधरा-वीस प्रश्न. तिसऱ्या वर्षाची मुलगी स्टँडवर एसटीची वाट पाहताना तो भरायला घेते. पहिल्या शिक्षकाच्या वेळी ती थोडा विचार करते. तिसऱ्यापासून तिचा अंगठा एकाच रकान्यातून सरळ खाली उतरू लागतो.

असे भरलेले फॉर्म वाचणं हे प्रस्तुत लेखकाचं काम आहे. महाविद्यालयांच्या गुणवत्ता कक्षांसाठी या मतांचा अर्थ लावायचा आणि त्यांतून शिक्षकाला उपयोगी पडेल असं काही हाती लागतं का, ते पाहायचं. सरळ खाली उतरलेला अंगठा तक्त्यात लगेच ओळखू येतो. सगळीकडे ‘उत्कृष्ट’ दिलेल्या मुलाला प्रयोगशाळेतली उपकरणंही उत्कृष्ट वाटतात आणि उपाहारगृहही. महाविद्यालयाला उपाहारगृह नसलं तरी.

या धावपळीमागे बरेचदा महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन असतं. बंगळुरूच्या या परिषदेने २०१७ साली मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि तिच्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यात पर्यायांचे वीस प्रश्न आणि एकविसावा मोकळा. पहिलाच प्रश्न असा, की अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला? पर्याय ८५ ते १०० टक्क्यांपासून ३० टक्क्यांहून कमीपर्यंत. एकविसाव्यात सुधारणेसाठी तीन सूचना लिहायच्या. पहिला प्रश्न चांगला आहे. मुलं वर्गात बसली होती, काय शिकवून झालं ते त्यांना ठाऊक आहे, आणि त्यासाठी त्यांना शिक्षणशास्त्र यावं लागत नाही. अडचण पुढे सुरू होते, जेव्हा फॉर्म त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठवून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो आणि शिक्षक किती परिणामकारक आहे, असं विचारतो.

विद्यार्थ्यांनी शिक्षकाला जोखायचं हे अलीकडचं खूळ आहे, असं स्टाफरूममध्ये हटकून ऐकू येतं. खूळ असेलही, पण ते निदान सातशे वर्षांचं आहे. इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या संघटना चालवत, आणि प्राध्यापकांना पैसे मिळायचे ते विद्यार्थ्यांच्या फीमधून. तिथल्या १३१७ सालच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला परवानगीशिवाय एक दिवसही गैरहजर राहता येत नसे. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवावी लागे. घंटा झाली की सुरुवात, पुढची घंटा झाली की मिनिटभरात समाप्त. धडा गाळायचा नाही, अवघड मुद्दा तासाच्या शेवटाला ढकलायचा नाही. आणि नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापकच गैरहजर होता असं धरून दंड. प्राध्यापकांवर गुपचूप नजर ठेवणारे विद्यार्थीही नेमलेले असत. आपल्याकडे ७५ टक्के हजेरीचा बडगा मुलांवर असतो. बोलोन्यात तो प्राध्यापकांवर होता.

आजचा छापील फॉर्म मात्र अमेरिकेतला. हार्वर्डच्या विद्यार्थी-दैनिकाने १९२५ मध्ये कोणत्या प्राध्यापकाचा विषय घ्यावा आणि कोणाचा टाळावा, हे सांगणारी मार्गदर्शिका काढली. दोन वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञाने शिक्षकांना गुण देण्याची रीतसर मोजपट्टी बनवली. रेमर्सचा रोख शिक्षकाला सुधारायला मदत करण्यावर होता. पुढे हेच आकडे बढत्यांच्या फायलींत जाऊन बसले आणि मोजपट्टीचं काम बदललं.

ही मोजपट्टी नेमकं काय मोजते, याचा सर्वांत खट्याळ शोध १९७३ साली प्रसिद्ध झाला. तीन संशोधकांनी मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ बनवून मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांपुढे उभं केलं. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळ-सिद्धान्ताचा वापर. नटाला त्यातलं काही कळत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, शब्दांचे बुडबुडे, असंबद्ध दाखले हे सगळं प्रसन्न चेहऱ्याने आणि विनोदाची फोडणी देऊन सादर करण्याची तालीम त्याने केली होती. श्रोत्यांनी भरघोस गुण दिले. या डॉक्टरांचं लेखन आपण वाचलं आहे, असंही त्यांच्यातल्या एकाने कळवलं! हसताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फसलेले श्रोते पहिल्या वर्षाची मुलं नव्हती, शिकवण्याचा अनुभव असलेली प्रौढ माणसं होती.

फॉक्सची गोष्ट गमतीची, पण एका व्याख्यानापुरती. जास्त बोचरा पुरावा अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून आला. तिथे विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही. कोण कोणाच्या वर्गात जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, आणि गणिताचा पुढचा भाग सर्वांना सक्तीचा. कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नोंद तपासली आणि २०१० साली निष्कर्ष मांडला. ज्या शिक्षकांच्या हाताखाली त्या सत्रात चांगले गुण पडले, त्यांना अभिप्रायही चांगले मिळाले. पण पुढच्या अभ्यासक्रमात त्यांची मुलं मागे पडली. पुढे टिकणारं गणित शिकवणाऱ्या, जास्त अनुभवी शिक्षकांचे अभिप्राय त्या मानाने फिके होते. ‘परीक्षेला येणारं तेवढंच सांगा ना सर’ या मागणीचा हिशोब कुठे चुकता होतो, ते यावरून दिसतं.

हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून नाजूक आहे. मुलांचे दोन गट केले. एका गटाला कसलेल्या प्राध्यापकाने तासभर ओघवतं व्याख्यान दिलं. दुसऱ्याला तेच टिपण हातात देऊन आधी गटागटाने गणितं सोडवायला लावली आणि मग उत्तरं उलगडली. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल. चाचणीत झटापट केलेल्यांना गुण जास्त मिळाले, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. उत्तम व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. ते समजलं होतं की नाही, हे घरी वही उघडल्यावर कळतं. म्हणजे मूल खोटं बोलत नाही. त्याला जे वाटलं ते प्रामाणिक असतं, फक्त त्याचं मोजमाप दुसऱ्याच कशाचं तरी असतं.

आणि ‘वाटण्या’त काय काय मिसळतं? नॉर्थ कॅरोलिनातला २०१५ सालचा एक अभ्यास पाहा. ऑनलाइन अभ्यासक्रम, त्यामुळे शिक्षक दिसत नाहीत, फक्त नाव दिसतं. एक पुरुष आणि एक स्त्री, दोघांनी एकेका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या. गृहपाठ तपासून परत देण्याची वेळ सगळ्यांना सारखीच ठेवली. तत्परतेसाठी पाचपैकी पुरुषाच्या नावाला सरासरी ४.३५ मिळाले, स्त्रीच्या नावाला ३.५५. विद्यार्थी जेमतेम त्रेचाळीस, तेव्हा या आकड्यावर मोठी इमारत उभारू नये. पण ‘सर कडक आहेत’ हे आपल्याकडे कौतुक असतं आणि ‘मॅडम कडक आहेत’ ही तक्रार, हे कोणत्याही स्टाफरूममध्ये विचारून पाहावं. टोरांटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठातला प्राध्यापक संघटनेचा अशा अभिप्रायांवरूनचा वाद लवादापुढे गेला, तेव्हा २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला: अध्यापनाची परिणामकारकता मोजून बढती ठरवण्यासाठी या सरासऱ्या वापरायच्या नाहीत.

महाराष्ट्रात या सरासऱ्यांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. कायम प्राध्यापकाचा वाईट अभिप्राय फायलीत जातो आणि तिथे निवांत पडून राहतो. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवरच्या, प्राध्यापकाची नेमणूक मात्र दर वर्षी नव्याने होते आणि त्याला हेच आकडे दाखवता येतात. असा माणूस इंटर्नलचे गुण सढळ देऊ लागला, तर दोष त्याला देण्यात अर्थ नाही.

मग मुलांना विचारूच नये का? नक्की विचारावं, पण प्रस्तुत लेखकाचा भरवसा एकविसाव्या प्रश्नावर आहे. तो बहुतेक जण मोकळा सोडतात. जे लिहितात, ते मात्र नेमकं लिहितात. शेवटच्या बाकावरून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. मॅडम पीपीटी वाचून दाखवतात, तीच पीपीटी ग्रुपवर आहे. सर विषय सोडून बोलतात, पण बोलू द्या, तेवढंच लक्षात राहतं. प्रश्न इंग्रजीतून विचारायचा म्हणून राहून जातो. सकाळी साडेसातच्या तासाला पहिली एसटी पोचतच नाही, मग हजेरी कुठून भरणार? यातलं एकही वाक्य पाचपैकी गुणांत मावत नाही, आणि यातल्या निम्म्या गोष्टी पुढच्या सोमवारी दुरुस्त होऊ शकतात.

फक्त त्या सोमवारच्या आधी कळायला हव्यात. सत्राच्या शेवटी लिहिलेल्या सूचनेचा फायदा लिहिणाऱ्याला कधीच होत नाही, हे मुलांना आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने यावर साधी रीत रुळवली. सत्राच्या मध्यावर एक दिवस शिक्षकाने वर्गाबाहेर जायचं आणि त्याच्या जागी दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने यायचं. मुलांनी चार-पाच जणांचे गट करून ठरवायचं, की शिकायला कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो, काय बदलावं. मग सगळ्या वर्गाला पटेल तेवढंच फळ्यावर ठेवायचं. सहकारी ते शिक्षकाला एकांतात सांगतो, आणि पुढच्या तासाला शिक्षक मुलांना सांगतो, की हे बदलतो, हे बदलणार नाही आणि का नाही. पीटर कोहेन यांनी १९८० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. सत्राच्या मध्येच अभिप्राय मिळालेल्या शिक्षकांचं शिकवणं सुधारतं, आणि तो अभिप्राय कुणीतरी सोबत बसून समजावला तर सुधारणा आणखी ठळक होते, असं त्यांना आढळलं. खर्च एका तासाचा आणि शेजारच्या विभागातल्या एका मित्राचा. आपल्याकडे हे करायला जाल, तर सहकाऱ्याला वर्गात पाठवणं हीच अवघड पायरी ठरते. ‘ते काय तपासणी करणार?’ हा पहिला प्रश्न येतो.

फॉर्मच्या चौकटीबाहेरही विद्यार्थ्यांचं मत असतं आणि ते तिथे जास्त मोठ्याने ऐकू येतं. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली सगळ्या, म्हणजे सुमारे सतरा लाख, उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकालासाठी कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, परदेशी आणि इतर विद्यापीठांतले प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या पावसाळ्यात कोणत्याही महाविद्यालयाच्या फीडबॅकमध्ये ‘निकाल कधी लागणार?’ असा रकाना नव्हता.

तसा आणखी एक रकाना आजही नाही. एकविसाव्या प्रश्नाखाली, विशेषतः तालुक्याच्या गावांतून, वारंवार येणारी नोंद शिक्षक कसा आहे याबद्दल नसते. या विषयाला सत्र अर्धं होईपर्यंत शिक्षकच नव्हता, अशी असते. सीएचबीची जाहिरात, मुलाखती, मान्यता हे सगळं उरकेपर्यंत गणपती येऊन जातात. राज्य सरकारने २०१८ साली सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला परवानगी दिली. त्यांतली २,०८८ पुढे काही वर्षं अडकून राहिली. अशा वर्गातला मुलगा ‘शिक्षकांनी तासाची तयारी कितपत केली होती?’ या प्रश्नापाशी थांबतो. ‘शिक्षक नव्हते’ हा पर्याय यादीत नसतो, उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून तो मधलं काहीतरी निवडतो. त्या ‘समाधानकारक’ची सरासरी काढून अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर जातो. रिक्त पदाचा प्रस्ताव त्यांनी आधीच सहसंचालकांच्या कार्यालयात पाठवलेला असतो.