गाठोडे सोडण्यापूर्वी

१९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडविलेल्या बाँबांनी अनेकांचे प्राण घेतले. तेव्हापासून बेवारस वस्तूला हात न लावण्याचा धडा या शहराने गिरविला. येथे बदलून आल्यावर आसनाखाली नजर टाकून मगच बसमध्ये बसण्याची सवय मलाही लागली. पण कार्यालयातल्या मेजापाशी मात्र मी ती विसरलो होतो.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या नावाने ईमेल आली. सोबत झिप फाइल. तिचे नाव ‘बदली आदेश – पुणे’. पासवर्ड पत्रातच दिलेला. तीन वर्षे बदलीची वाट पाहणाऱ्याला ‘पुणे’ या दोन अक्षरांपुढे धीर कसा धरवणार? फाइल मी उतरवूनही घेतली. पण कुलूप आणि किल्ली एकत्र कोण धाडतो, या शंकेने हात थबकला. कुलूप माझ्यासाठी नव्हतेच. विषाणू शोधणाऱ्या पहारेकऱ्याला आत डोकावता येऊ नये, म्हणून ते होते!

झिपमधील जिन्नस बाहेर न काढता त्याची यादी पाहता येते. साध्या झिपला पासवर्ड असला तरी नावे दिसतात. यादीत एकच नाव होते: ‘आदेश’, पुढे ‘पीडीएफ’ आणि त्याही पुढे ‘ईएक्सई’. ओळखीची शेपटे विंडोज एरवी लपवून ठेवते. म्हणजे बाहेर काढल्यावर मला तो साधा कागदच वाटला असता.

यादीतले आकारही पाहावेत. ४२ किलोबाइटांची एक कुप्रसिद्ध झिप थरामागून थर उलगडल्यास सुमारे ४५ लाख गिगाबाइटांची होते. शिवाय पाहण्याचे साधन अद्ययावत हवे. २०२३ मध्ये विनरारमध्ये असा दोष सापडला, की यादीतल्या निरुपद्रवी कागदावर टिचकी मारताच भलताच प्रोग्रॅम चालू होई. भारतीय सरकारी कार्यालयांवरील हल्ल्यांत तो वापरला गेल्याचे पुण्याच्या सेक्राइटने त्याच वर्षी दाखवून दिले.

अशी फाइल तपासणीच्या सार्वजनिक संकेतस्थळावर चढविण्याचा मोहही आवरावा. आत खरेच गोपनीय कागद असला, तर तो आपल्याच हातांनी परक्यांना दिल्यासारखे होते. मी सहकाऱ्याला दूरध्वनी केला.

“अहो, मी काही पाठविलेच नाही!” तो म्हणाला.

फाइल माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. यंत्रातले दोष ते दुरुस्त करतील. पण पाठविणाऱ्याने नेम धरला होता तो माझ्या घरच्या ओढीवर.

खरा आदेश अद्याप आलेला नाही.