अर्ध्या टक्क्याचं पुण्य

फुकटात पुण्य मिळत असेल तर कुणाला नको असतं? ॲमेझॉनने अमेरिकेत २०१३ मध्ये ‘ॲमेझॉनस्माइल’ सुरू केलं. आपण एक संस्था निवडायची, नेहमीचीच खरेदी योजनेच्या वेगळ्या वेब-पत्त्यावरून करायची, आणि पात्र वस्तूंच्या किमतीचा अर्धा टक्का कंपनी त्या संस्थेला देणार. आपल्या खिशाला तोशीस नाही. मी आदिवासी मुलांच्या शाळांना मदत करणारी संस्था निवडली आणि घरबसल्या दानशूर झालो.

हिशेब कधी केलाच नाही. साठ डॉलरचा कुकर घेतला की संस्थेच्या पदरात तीस सेंट. वर्षाला चार हजारांची खरेदी धरली तरी वीस डॉलर. इथे न्यू जर्सीत चौघांनी डोसे खाल्ले तर बिल त्याच्या वर जातं. बरं, साध्या पत्त्यावरून ऑर्डर गेली तर तेवढंही नाही, आणि घाईत माझी बहुतेक खरेदी तिथूनच व्हायची. करसवलतही नाही, कारण देणगी कंपनीच्या फाउंडेशनची, माझी नव्हे. मिरवत मात्र मी होतो.

पैसे कमी गेले याचं एवढं वाटत नाही. त्या वीस डॉलरांच्या जोरावर मी शंभर डॉलर वाचवत होतो, हे लागतं. दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाचे खजिनदार पावतीपुस्तक घेऊन टेबलाशी येत. “काका, आम्ही ऑनलाइन देतोच की!” ते मान डोलावून पुढे जात. “नक्की किती देतो रे आपण?” बायकोने एकदा विचारलं, तर मी बटाटेवडे आणायला उठलो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना बंद झाली. संस्था दहा लाखांहून जास्त, त्यामुळे मदत फार विखुरली जाते, असं कंपनीचं म्हणणं. एका संस्थेला सरासरी २३० डॉलरही मिळत नव्हते. चारचौघांत मी कंपनीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि मग, जरा ओशाळून, काकांना फोन केला.

“चेक दे, पण तुझ्या ऑफिसात मॅचिंग आहे का ते बघ आधी,” ते म्हणाले.

होतं. कर्मचारी देईल तेवढीच रक्कम ऑफिसही घालतं. एक अर्ज भरायचा. मी नोकरीला लागलो तेव्हापासूनची सोय. मागच्या वर्षांचंही धरतील का, असं मी निर्लज्जपणे एचआरला विचारलं.

त्यांनी पावत्या मागितल्या.