मुलाखतीचे उत्तर घरात ठरते

मुलाखतीचे बोलावणे एकाच्या मोबाइलवर येते, पण धास्ती सगळ्या घराला लागते. अम्मी कपड्यांना इस्त्री करून ठेवते, अब्बू बस किती वाजता आहे ते विचारतात, दादी तसबीह घेऊन बसते आणि मोठा भाऊ यूट्यूबवरून दहा प्रश्नांची दहा उत्तरे उतरवून देतो. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र राहून जाते. तिथे जे विचारले जाणार आहे, ते घरात कुणीच विचारत नाही.

नाशिक रोडला आम्ही दोघे गेली काही वर्षे रविवारी असरनंतर हेच विचारायचे काम करतो. आमच्यापैकी एकाची नोकरी प्रेसमध्ये झाली, दुसरीची मराठी शाळेत. आता दोघेही निवृत्त. मोहल्ल्यातली मुले-मुली येतात, आम्ही टेबलाच्या पलीकडे बसतो आणि तासभर साहेब होतो. फी नाही, पाटी नाही. चहा मात्र होतो.

खरे तर आमच्या पिढीला मुलाखत फारशी माहीत नव्हती. इथे १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आली आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाऊ लागल्या. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढे म्हटले की नाशिक रोडला पुढचे काही विचारत नसत. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायचे, बोलावणे आले की परीक्षा द्यायची, मेडिकल करायचे. आता तर केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’च्या आणि गट ‘ब’मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या आहेत. तिथे लेखी परीक्षा पास होणे हाच रस्ता आहे. पण त्या जागा थोड्या आणि अर्ज ढिगाने. आमची बहुतेक मुले सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत, खासगी बँकांत, दवाखान्यांत जातात, आणि तिथे मुलाखतीवरच सगळे ठरते. वरच्या परीक्षांतही ती सुटत नाही. यूपीएससीत २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात.

मुलांना पहिली भीती असते नावाची. “चाचा, नाव ऐकूनच नाही म्हणतील,” असे एखादा तरी म्हणतोच. आम्ही त्याला खोटे ठरवत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सुमारे ४,८०० अर्ज पाठवून पाहिले होते. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुसलमान नावाला बोलावणे येण्याची संधी साधारण एक-तृतीयांश निघाली. हे वाचून वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. पण यातून आम्ही मुलांना दुसरी एक गोष्टही दाखवतो. नावाची गाळणी लागते ती मुख्यतः अर्जाच्या वेळी. ज्याला बोलावणे आले, त्याचे नाव त्यांनी आधीच वाचलेले आहे. वाचून, विचार करून त्यांनी आपल्यासाठी वेळ काढला आहे. मग खोलीत शिरताना नावाची सफाई देत शिरायचे कशाला? तिथे आता बोलायचे ते कामाबद्दल.

नावाबाबत एक काम मात्र घरी नक्की करावे. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरे, कुठे ‘मोहम्मद’ आहे तर कुठे नाही, असे आपल्याकडे फार होते. यावर हमखास प्रश्न येतो आणि मुलगा विनाकारण अडखळतो. कागद वेळेत दुरुस्त करून घ्यावेत. तोवर “दोन्ही नावे माझीच आहेत, दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, ही पावती,” एवढे शांतपणे सांगता आले पाहिजे.

‘स्वतःबद्दल सांगा’ हा सगळ्यांत सोपा वाटणारा प्रश्न सगळ्यांत जास्त बिघडतो. वडिलांच्या नावापासून सुरुवात होते आणि ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ इथे गाडी थांबते. मेकॅनिकल डिप्लोमाचा एक मुलगा आमच्याकडे असेच म्हणाला. आम्ही विचारले, “हाताला काय येतं?” तो म्हणाला, “व्हर्नियर येतो, ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप घेतो. लेथवर सहा महिने काम केलंय. ड्रॉइंग वाचता येतं.” आम्ही म्हटले, बेटा, हेच सांग. मेहनती आहेस की नाही, ते यावरून त्यांना कळेल. जे येत नाही त्याला ‘हे मला अजून येत नाही, यातलं एवढं येतं’ असे म्हणावे. अंदाजाने ठोकलेले उत्तर समोरच्या अनुभवी माणसाला लगेच ओळखू येते, आणि मग आपल्या खऱ्या उत्तरांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

याच मुलाला एका ठिकाणी साहेब म्हणाले, “अरे वा, तुमचं मराठी तर छान आहे!” आपल्यापैकी प्रत्येकाने हे कौतुक कधी ना कधी ऐकले आहे. ते कानाला गोड असते आणि आत कुठेतरी टोचते. मुलगा आमच्याकडे येऊन चिडला होता. आम्ही म्हटले, चिडण्याचा तुला हक्क आहे, पण तिथल्या पाच मिनिटांत तो खर्च करू नकोस. “हो सर, मी नाशिक रोडचाच, शाळा मराठीच होती,” म्हणून पुढच्या प्रश्नाकडे बघायचे. दुसरीकडे त्याला विचारले, “तुमच्या भागात वातावरण कसं असतं?” त्याचे उत्तर आम्ही मिळून तयार केले: “सकाळी लोक कामाला निघतात, मुलं शाळेला. मी साडेसातच्या शिफ्टला वेळेवर गेटवर असेन.” प्रश्न कुठूनही आला तरी उत्तर कामावर आणून ठेवायचे. समोरचा माणूस मनाने वाईट नसेल तर त्याला बरे वाटते, आणि असेल तर त्याला पुढे खेचायला दोरी मिळत नाही.

इथे आम्ही मुलांना जालना जिल्ह्यातल्या अन्सार शेख यांची गोष्ट सांगतो. वडील रिक्षाचालक, शिक्षण पुण्यात, आणि २०१६ च्या मे महिन्यात लागलेल्या यूपीएससीच्या निकालात वयाच्या २१ व्या वर्षी ३६१ वा क्रमांक. पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून आपल्याला ‘शुभम’ हे नाव सांगावे लागले होते, हे त्यांनी निकालानंतर पत्रकारांना उघड सांगितले. मुलाखतीत त्यांना विचारले गेले, तुम्ही शिया की सुन्नी? त्यांनी उत्तर दिले की आपण भारतीय मुसलमान आहोत. एका खोलीसाठी ज्या तरुणाला नाव झाकावे लागले, तोच देशातल्या सर्वांत कठीण मुलाखतीत स्वतःच्या नावानिशी बसला आणि एका छोट्या वाक्यात मोकळा झाला. त्याने वाद घातला नाही, लाचारीही केली नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. ती आम्हाला एका मुलीमुळे उमगली.

केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, हुशार, जरा हळू बोलणारी. सिन्नरकडच्या एका औषध कंपनीच्या लॅबसाठी तिची तयारी चालली होती. पदवीनंतर दोन वर्षे ती घरी होती, कारण दादांना अर्धांगवायू झाला होता. ‘दोन वर्षं काय केलंत?’ म्हटले की ती गुन्हेगारासारखी खाली बघायची. आम्ही तिला विचारत गेलो. औषधांच्या वेळा कोण बघत होते? तीच. बीपी, शुगरची वही? तीच लिहायची, रोज, तारखेसकट. डॉक्टर ती वही बघूनच औषध बदलत. लॅबमध्ये तरी दुसरे काय असते? वेळेवर माप घ्यायचे आणि खरे तेच लिहायचे. तिचे उत्तर तिच्याच वहीत होते.

स्कार्फचा प्रश्नही तिने नीट बसवला. “अ‍ॅप्रनच्या आत टोकं खोचून घट्ट बांधते, वरून लॅबची टोपी घालते. काहीही सैल राहत नाही.” कंपनीची काळजी सुरक्षेची आणि स्वच्छतेची असेल तर तिला याहून चांगले उत्तर नाही. जुम्म्याच्या नमाजबद्दल मुलांनाही आम्ही असेच सांगतो. जेवणाच्या सुट्टीत किती वेळ लागेल आणि तो कसा भरून देणार, हे आधी स्वतःशी ठरवा. मग बोलताना आवाज कापत नाही.

पण तिसऱ्या प्रश्नाला गाडी अडली. “लग्नानंतर नोकरी सोडणार का?” आम्ही विचारले. ती आमच्याकडे न बघता दाराकडे बघू लागली. तिला घ्यायला आलेले तिचे अब्बू तिथे बसले होते. वेल्डिंगचे दुकान, सरळ माणूस. आमच्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर मुलीकडे नाहीच. कितीही सराव केला तरी ती आत्मविश्वासाने बोलणार कशी? जे ठरलेलेच नाही, ते ती कशाच्या जोरावर सांगणार?

मग आम्ही भाईंनाच समोरच्या खुर्चीवर बसवले. ते म्हणाले, “रिश्ते येतायत. लडकेवाले काय म्हणतील ते आपल्या हातात थोडंच आहे?” आम्ही म्हटले, “त्यांना आधीच सांगणं तर तुमच्या हातात आहे ना?” त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मगरिबची अजान झाली आणि उठले. पुढच्या रविवारी आले ते तिच्या अम्मीला घेऊन. रात्रपाळी आली तर काय, बस सिन्नर फाट्यावर सोडते तिथून घरी कोण आणणार, पगार तिच्या खात्यात राहणार की घरात येणार, दादांकडे दिवसा कोण बघणार, हे सगळे निघाले. थोडा आवाजही चढला. दोन आठवडे लागले. शेवटी अब्बूंनी तिला सांगितले, “तू तिथे बिनधास्त सांग. निभावायचं आम्ही बघू.”

हा प्रश्न मुलाला कुणी विचारत नाही, मुलीलाच विचारतात, आणि तो विचारू नये हेच खरे. पण विचारला जातो, म्हणून उत्तर हवे. तिचे उत्तर दोन वाक्यांचे झाले: “लग्न अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हाही नोकरी सुरू राहील, असं घरी ठरलं आहे.” ते म्हणताना ती आमच्याकडे बघत होती, दाराकडे नाही.

पहिल्या कंपनीने ‘कळवतो’ म्हटले आणि कधीच कळवले नाही. दुसऱ्या ठिकाणी पाचव्या मिनिटाला हाच प्रश्न आला. तिने उत्तर दिले, आणि उलट विचारले की दुसरी पाळी किती वाजता सुटते व बस कुठपर्यंत येते. पगाराचे विचारले तेव्हाही ती गप्प राहिली नाही. घरी हिशोब झाला होता. सीटीसीचा आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात बहुधा कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, आणि मूळ पगार व महागाई भत्त्यावर १२ टक्के आपलेही कापले जातात. म्हणून तिने ‘हातात किती येतील?’ असेच विचारले. सहा महिन्यांच्या ट्रायलवर तिला घेतले, आणि ते महिने पार पडले.

व्हर्नियरवाला मुलगा अजून शोधतोच आहे. चार मुलाखती झाल्या. दोन ठिकाणी तो कमी पडला, ते त्याला कळले. दोन ठिकाणी उत्तरे बरोबर असूनही नकार आला. प्रत्येक नकार आपल्या चुकीचा नसतो, हेही मुलांना सांगायला हवे, नाहीतर ती स्वतःवरच राग काढतात. घरच्यांनीही बाहेर पडल्या पडल्या ‘झालं का?’ म्हणून फोन करू नये. घरी आल्यावर चहा द्यावा, आणि कोणते प्रश्न आले ते वहीत लिहून ठेवायला सांगावे. पुढच्या वेळी तीच वही कामाला येते.

मुलाखतीला निघताना आपल्याकडे हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची दुआ पढतात. फिरऔनसमोर उभे राहण्याआधी त्यांनी मन मोकळे व्हावे आणि जिभेची गाठ सुटावी, असे मागितले होते. सूरह ताहामध्ये लगेच पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली आहे: घरातलाच एक सोबती, भाऊ हारून. आमच्या मुला-मुलींसोबत त्या खोलीत कुणी जाऊ शकत नाही. पण आदल्या रविवारी त्यांच्यासमोर बसता येते, अवघड ते विचारता येते, आणि जे आपण ठरवायचे ते ठरवून देता येते.

गेल्या महिन्यात त्या मुलीसाठी एक स्थळ आले होते. घर चांगले, मुलगा शिकलेला. ‘नोकरी मात्र सोडावी लागेल,’ ते म्हणाले. भाईंनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेले, सलाम केला आणि परत येऊन दुकान उघडले.