एकांताची शिदोरी

पन्नाशी उलटलेल्या माणसाला एक खोड जडते. आयुष्यभर माणसांत वावरून झाले की त्याला एकाएकी वाटू लागते, आपला जन्म मुळी एकांतासाठीच होता. ही खोड मलाही जडली, आणि तिचे खापर मी देहूरोडवर फोडले असते तर माझ्या स्नेह्यांना ते खरेही वाटले असते. आमच्या घराच्या एका अंगाने लोहमार्ग जातो, दुसऱ्या अंगाने मुंबई-पुण्याचा जुना रस्ता. लष्कराचे भले मोठे कोठार आणि त्याभोवती वाढलेली वस्ती यांत शांतता ही वस्तू औषधालाही सापडावयाची नाही. लोणावळ्याची लोकल गेली की मालगाडी येते, आणि ती गेली न गेली तोच शेजारची मुले अंगणात उतरतात.

परंतु खरे कारण निराळे होते. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली, आणि तेव्हापासून मला गलबल्यापेक्षा माणसांच्या प्रेमळपणाचीच अधिक धास्ती वाटू लागली. शेजारच्या वहिनी दुपारी झाकलेले ताट घेऊन येत. मी दार अर्धेच उघडून ते घेई, आभार मानी आणि दार लावून घेई. जेथे कोणी आपल्याला ओळखत नाही, कोणी काही विचारणार नाही, अशा ठिकाणी जावे, असे मनाने घेतले.

तीस वर्षे मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे. वर्डस्वर्थचे डोंगर आणि थोरोचे तळे यांवर मी इतकी व्याख्याने दिली आहेत की, त्या ठिकाणी आपण राहून आलो आहोत असा माझा मलाच भास होतो. तेव्हा निर्जन अरण्यात जाऊन राहावे, ही कल्पना मला सुचली यात नवल नव्हते. नवल इतकेच की, ती अमलात आणण्यास मला पत्नीच्या मृत्यूची वाट पाहावी लागली. तिला राजमाची आणि लोहगड पाहण्याची हौस होती. मी मात्र उत्तरपत्रिका तपाशीत बसे.

चैत्र लागला होता. एस.टी.ने मंचर, घोडेगाव, डिंभ्याचे धरण असे करीत मी भीमाशंकरला पोचलो. येथे उगम पावणाऱ्या भीमेला पुढे तुळापूर येथे आमची इंद्रायणी मिळते. म्हणजे मी घरापासून फारसा दूर आलो नव्हतो, फक्त पाण्याच्या दुसऱ्या टोकाला आलो होतो. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत मिळून सुमारे १३० चौरस किलोमीटर पसरलेले हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. देवळाभोवतीची गर्दी मागे टाकून अर्ध्या तासाची वाट चालावे, की उंच झाडांच्या छायेत मनुष्य जवळजवळ हरवून जातो.

जवळजवळ म्हणतो, कारण मी वाटाड्या घेतला होता. तो महादेव कोळी समाजातला, माझ्याच वयाचा, पण चालण्यात माझा नातू शोभावा असा. माझे पाणी आणि भाकरीचे गाठोडे त्याच्या खांद्यावर होते. एका उतारावर पोचल्यावर मी त्याला जरा संकोचानेच म्हटले, "मामा, मला घटकाभर एकट्याने हिंडायचे आहे. हाक नको, बोलणे नको."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "फिरा की गुरुजी. म्या मागं हाय," एवढेच तो म्हणाला.

पहिला अर्धा तास मी ज्यासाठी आलो होतो ते मला मिळाले. वर फांद्यांच्या बेचक्यांत शेकरूची काटक्यापानांची घरटी दिसत होती. एक शेकरू झुपकेदार शेपूट सावरीत या झाडावरून त्या झाडावर गेले, आणि त्यानंतरची शांतता अधिकच गाढ झाली. मला वाटले, सुटलो. त्या आनंदात मी पायवाट केव्हा सोडली हे मला कळले नाही.

जेव्हा कळले तेव्हा चोहीकडे सारखीच झाडे होती. मी उजवीकडे गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. घसा कोरडा पडला आणि पाणी तर मामांच्या खांद्यावर. या रानात बिबट्या आहे हे ज्ञान सकाळी मोठे काव्यमय वाटले होते. आता ते निव्वळ ज्ञान उरले. हाक मारावी असे दहादा वाटले, पण तोंड उघडेना. एकांताची मागणी करून तासाभरात आरोळी ठोकणे प्राध्यापकाला शोभत नाही! घाम पुशीत मी एका मोठ्या झाडाला वळसा घातला, आणि त्याच्या मुळाशी तीन धोंडे दिसले. त्यांवर शेंदूर होता.

माणसांना टाळण्यासाठी घरून निघालेल्या मला त्या बोटभर शेंदराने जे वाटले, ते थोरोच्या साऱ्या पानांनी कधी वाटले नव्हते. येथे कोणीतरी येते! मी तेथेच बसलो आणि, लाज कशाला बाळगू, डोळे पुसले.

ती देवराई होती. देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानातली काटकीसुद्धा मोडावयाची नाही, असा दंडक. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. पण सरकारी फलक लागण्यापूर्वी कितीतरी पिढ्या, ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत अशा माणसांनी ती झाडे राखली होती. मी ज्याला निर्जन म्हणत होतो ते कोणाचे तरी घर होते, आणि ते निर्जन भासावे इतक्या हलक्या पावलांनी ती माणसे त्यात वावरत होती. अमेरिकेत योसेमिटीच्या खोऱ्यात १८५१ साली सैनिक शिरले आणि तेथील मूळ रहिवाशांना त्यांनी हुसकून लावले. मग पुढच्या पिढ्यांनी त्या खोऱ्याच्या अस्पर्श सौंदर्याची स्तोत्रे गायिली. ती स्तोत्रे मी वर्गात शिकविली आहेत. ते हुसकणे मात्र कधी शिकविले नाही.

देवापासून एक ठळक पायवाट निघाली होती. तिने मी खाली आलो, तो एक म्हातारी हिरडे वेचीत होती. हे कोवळे बाळहिरडे वाळवून विकणे हा इकडच्या लोकांचा चैत्रवैशाखातला आधार.

"वाट चुकला व्हय, दादा?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी पाणी पितो आहे तोच झाडीतून मामा बाहेर आले. ते सारा वेळ माझ्यामागे दीडशे पावलांवर होते!

"मग हाक का नाही मारलीत?" मी चिडून विचारले.

"तुम्हीच म्हनला, हाक नको. आन देवाकडं चालला व्हता, तितनं वाट घावतीच."

आम्ही तिघांनी तेथेच भाकरी सोडली. त्या घासाबरोबर मला एकेक गोष्ट आठवू लागली. थोरोने जेथे झोपडी बांधली ती जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, आणि जेवावयास तो पुष्कळदा आईच्या घरी जात असे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, तेव्हा जिजाबाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे, असे आमच्या देहूची परंपरा सांगते. आपण चढणाऱ्या तुकोबांची चित्रे काढतो. तो चढ तिच्याही पायांखाली होता, हे कोणाच्या लक्षात राहते? आणि मी ज्या खोलीत तीस वर्षे उत्तरपत्रिका तपाशीत व एकांतावर व्याख्याने रचीत बसलो, तिच्या दाराशी चहाचा पेला आवाज न करता कोण ठेवीत होते? तो एकांत माझा होता असे मी समजत आलो. तो मला कोणीतरी रोज वाढीत होते.

हे तिला सांगावयास हवे होते. आता ते ऐकावयास ती नाही, आणि या चुकीला पायवाट नाही.

परतताना तळेगाव सोडल्यावर डावीउजवीकडचे डोंगर संध्याकाळच्या उन्हात दिसत होते. देहूरोडला उतरलो तेव्हा मालगाडी धडधडत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. वहिनी झाकलेले ताट घेऊन उभ्या होत्या. मी दार पुरते उघडले आणि म्हटले, "वहिनी, आत या. जरा बसा. तिच्याविषयी बोलायचे आहे."